इंदूरहून नाशिकच्या वाइनऱ्या: कधी जावं, किती चाखावं आणि डिकीत काय ठेवू नये

प्रश्न सुदामानगरातल्या एका कुटुंबाचा आहे. फेब्रुवारीत चार दिवस मोकळे आहेत, गाडी घरची आहे. नवरा-बायको आणि नवऱ्याचे आई-बाबा इंदूरहून निघणार. बायकोची बहीण आणि तिचे यजमान बडोद्याहून थेट नाशिकला येऊन मिळणार. बाबा कधीमधी व्हिस्की घेतात. आई काहीच घेत नाहीत, पण वणीच्या देवीचं दर्शन राहून गेलंय, ते त्यांना करायचंय. नाशिकच्या सगळ्या वाइनऱ्या कशा बसवायच्या, टेस्टिंगमध्ये नेमकं करायचं काय असतं, आई कंटाळतील का, येताना किती बाटल्या आणता येतील, असं विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: ‘एवढ्या लांब जाण्यापेक्षा आपल्या मालव्यातच काही नाही का?’

मी इंदूरच्या हॉटेलांना वाइनची यादी लावून देते, वाढणाऱ्या मुलांना शिकवते आणि हंगामात इथल्या मंडळींचे छोटे गट घेऊन नाशिकला जाते. त्या जोरावर सांगते.

पहिलं म्हणजे, सगळ्या वाइनऱ्या बसवू नका. तीन पुरेत, आणि तिसऱ्या ठिकाणी अगदी थोडं चाखा. हिशेब साधा आहे. टेस्टिंगला एका वाइनचे साधारण ३० मिलिलिटर ओततात. एका ठिकाणी पाच वाइन चाखल्या की १५० मिलिलिटर, म्हणजे हॉटेलात मिळतो तसा एक पूर्ण ग्लास. तीन ठिकाणी तेच केलं तर ४५० मिलिलिटर, अर्ध्या बाटलीहून जास्त. एका दिवसात एवढी वाइन पोटात गेल्यावर तिसऱ्या वाइनरीत जिभेला पांढरी आणि लाल एवढंच कळतं. पैसे देऊन, चारशे किलोमीटर गाडी हाकून एवढंच कळणार असेल तर ते इंदूरच्या दुकानातही कळलं असतं.

दुसरं, बागेत जा. बहुतेक लोक गाडीतून उतरून थेट बारवर जातात, फोटो काढतात, पिझ्झा मागवतात आणि परततात. नाशिकला जाण्याचं खरं कारण बाटली नाही, बाटली सगळीकडे मिळते. कारण आहे ते तिथलं द्राक्ष आणि ते पिकवण्याची तिथली तऱ्हा. ती जगात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळते.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. थंडीत एकदा छाटणी होते, वसंतात कोंब येतात, सप्टेंबरच्या आसपास तोडणी होते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. त्याला सोडून दिलं तर तो वर्षभर वाढत राहील आणि फळ भलत्या वेळी, ऐन पावसात धरेल. म्हणून इथला शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, त्यातून पुढच्या फळासाठी काड्या तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरायला लागला की फळछाटणी. तिलाच गोडी बहार छाटणी म्हणतात. छाटण्या दोन, पीक एकच. फळछाटणीपासून साधारण सव्वाशे ते दीडशे दिवसांनी घड तयार होतो, म्हणजे जानेवारी ते मार्च. त्या काळात नाशिकला दिवसा चांगलं ऊन असतं आणि रात्री गारठा. उन्हात साखर भरते, गार रात्रीमुळे आंबटपणा टिकतो. चांगल्या वाइनला दोन्ही लागतं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि धरणांचं पाणी, यामुळे हे सगळं तिथे जमून आलं.

म्हणून तुमचा फेब्रुवारी अगदी योग्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जाणारे ‘काय हिरवंगार होतं’ म्हणत परततात. ते खरंही असतं, पण तेव्हा वेलीवर घड नसतो आणि टाक्या शांत असतात. फेब्रुवारीत पहाटे तोडणी चालते, ऊन चढायच्या आत क्रेट भरून वाइनरीत येतात. सकाळची पहिली टूर घेतलीत तर क्रेट रिकामे होताना, देठ वेगळे होताना, रस निघताना दिसेल. दुपारी चारला गेलात तर धुऊन ठेवलेली यंत्रं दिसतील.

मात्र २६ जानेवारीच्या जोडसुट्टीला जोडून कधी बेत आखू नका. इंदूरकरांची ही आवडती सुट्टी आहे, पण त्या दिवशी महाराष्ट्रात ड्राय डे असतो आणि वाइनरीत एक थेंबही मिळत नाही. निवडणुका जवळ असतील तर मतदानाच्या तारखाही बघून घ्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी इतकी असते की मार्गदर्शक मुलगा पाठ केलेलं घडाघडा म्हणून मोकळा होतो. मंगळवार ते गुरुवार तोच मुलगा तुमच्याशी अर्धा तास बोलेल. आणखी एक: नाशिकचा सिंहस्थ आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. उज्जैनचा सिंहस्थ बघितलेल्यांना रस्ते आणि खोल्यांचं काय होतं ते सांगायला नको.

आता रस्ता. जुना आग्रा रोडच. मानपूर, खलघाट, जुलवानिया, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड. इंदूरहून पहाटे निघालात तर दुपारी चांदवडला पोचाल, आणि चांदवड नुसतं ओलांडून जाऊ नका. तिथे होळकरांचा रंगमहाल आहे. राजवाडा रोज बघणाऱ्या इंदूरकराने हा वाडा बघितला नाही तर काय बघितलं! रेणुकामातेचं देऊळही तिथेच. आईंच्या दृष्टीने प्रवासाची सुरुवात बरी होते.

चांदवडहून वणीकडे वळा आणि त्या रात्री वणीला किंवा गडावर राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सप्तशृंगीचं दर्शन. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांची धास्ती नको. दर्शन आधी आणि वाइन दुसऱ्या दिवशी, हा क्रम पाळा. एकाच दिवशी दोन्ही उरकायचा हट्ट धरला की कुणीतरी सकाळपासून घड्याळ बघत बसतं आणि कुणीतरी संध्याकाळपर्यंत फुगून बसतं.

वणीहून नाशिकला उतरताना दिंडोरी लागते. नकाशात शोधताना नाशिक जिल्हाच निवडा. आपल्या मध्य प्रदेशातही दिंडोरी आहे, मंडल्याच्या पलीकडे, आणि फोनला दोन्ही सारख्याच. दिंडोरी तालुक्यात शांदों आहे. फ्रेंच घराण्याची ही भारतातली शाखा फसफसती वाइन करते, तीही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून. तिथे जायचं तर आधी फोन करून. तुमच्या बेतात मी ती धरत नाही, कारण त्या दिवशी देवदर्शन आहे. पण रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बागा मात्र जरूर बघा. मंडपावर किंवा वाय आकाराच्या लोखंडी आधारावर पसरलेल्या बागा बहुतेक खायच्या द्राक्षांच्या: थॉम्पसन, सोनाका, शरद. तारांवर बुटकी, उभी भिंत धरलेली बाग दिसली तर ती बहुधा वाइनची.

दोन्हींचा एकेक मणी तोंडात टाकायला मिळाला तर पुढचं निम्मं काम होतं. मालकाला विचारूनच घ्या, आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. खायच्या द्राक्षाची साल पातळ, बी नाही, गर भरपूर. वाइनचं द्राक्ष लहान, सालीला जाड, आत बिया, आणि साखर जास्त. आपल्याला वाटतं वाइनचं द्राक्ष आंबट असेल. पण तोडणीच्या वेळी ते मंडईतल्या द्राक्षापेक्षा गोड असतं. त्याशिवाय मद्यार्क येणार कुठून? एक लिटर रसातली साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क होतो. बाटलीवर १३ टक्के लिहिलं असेल तर एका लिटरमागे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर यीस्टने खाल्लेली असते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा आतला रस पांढराच असतो. एक काळा मणी चिमटीत दाबून बघा, लगेच पटेल.

तिसऱ्या दिवशी वाइनऱ्या. नाशिक शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकींपासून काही मिनिटांवर आहेत. इगतपुरी तालुक्यात, नाशिकहून तासाभरावर, संजेगाव-कावनईकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. निफाडजवळ कुंदेवाडीला रेव्हेलो. आणि विंचूरला औद्योगिक महामंडळाचं वाइन पार्क, पण तिथे कारखाने बघायची आवड असेल तरच.

सुला बघितल्याशिवाय येऊ नका, गर्दी असली तरी. १९९९ मध्ये राजीव सामंतांनी ती सुरू केली आणि आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून तिचं नाव ठेवलं. त्याआधी महाराष्ट्रात वाइन नव्हती असं नाही; नारायणगावला शामराव चौगुल्यांच्या इंडेजने १९८० च्या दशकातच फ्रेंच मदतीने फसफसती वाइन काढली होती. पण सोव्हिन्यों ब्लां आणि शेनँ ब्लां ही पांढऱ्या वाइनची नावं मध्यमवर्गाच्या तोंडी बसवली ती सुलाने, आणि वाइन प्यायला गावात जायचं ही कल्पनाही तिनेच रुजवली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि मग नाशिकभर वाइनऱ्या उभ्या राहिल्या. त्यातल्या काही पुढे बंद पडल्या, काही विकल्या गेल्या. यॉर्क गुरनानी कुटुंबाने उभी केली, २०२१ पासून ती सुलाकडे आहे. धंदा म्हटला की हे चालायचंच.

सुलाला सकाळची टूर घ्या. स्टीलच्या टाकीला बाहेरून हात लावून बघा, गार लागेल. पांढरी वाइन साधारण १२ ते १६ अंशांवर आंबवतात, नाहीतर वास उडून जातो. लालला २४ ते ३० अंश चालतात, तिला सालीतून रंग ओढायचा असतो. लालच्या टाकीत साली वर तरंगून जाड थर होतो. तो मोडण्यासाठी खालचा रस पंपाने वर सोडतात. फेब्रुवारीत हे चालू असेल तर वासानेच कळेल. टाकीवर वाकून मात्र बघू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो आणि नाकात असा जातो की डोळ्यांतून पाणी येतं. बंद जागेत तो याहून वाईट.

दुपारचं जेवण आणि दुसरं टेस्टिंग व्हॅलोनेला. शैलेंद्र पै यांची ही लहान वाइनरी आहे, मुकणे धरणाच्या बाजूला. मोठ्या ठिकाणी सगळं आखीव असतं. लहान ठिकाणी बोलायला माणूस भेटतो, कधी खुद्द वाइन करणाराच. त्यांची उशिरा तोडलेल्या, वेलीवरच सुकत गेलेल्या द्राक्षांची गोड शेनँ असेल तर आईंना नुसता वास घ्यायला द्या. आधी फोन करून जा, आणि जेवणाचंही आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी परत येताना यॉर्क, कारण तिथे बसून धरणावरचा सूर्यास्त दिसतो. तिथे दोनच वाइन चाखा. थकलेल्या जिभेला तिसरी देऊ नका. चौथ्या दिवशी सकाळी इंदूरची वाट धरा.

मार्गदर्शकाला काय विचारायचं? ‘सगळ्यात भारी कोणती’ हे सोडून काहीही. ही द्राक्षं स्वतःच्या बागेतली की करारावरच्या शेतकऱ्यांची? फळछाटणी कधी झाली? यंदा अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली का, डाऊनी-भुरी या वेलीवरच्या बुरशीच्या रोगांचा त्रास किती झाला? हे प्रश्न ऐकले की पाठ केलेलं भाषण थांबतं. आणि एक प्रश्न जरा हळू आवाजात: ‘ही बाटली कधी उघडली?’ आडवारी टेस्टिंगच्या काउंटरवर कालपासून उघडी बाटली असू शकते. तिचा वास बसलेला असतो आणि दोष आपण वाइनला देतो. नम्रपणे विचारलं तर बहुतेक ठिकाणी नवी उघडतात.

आता चाखण्याबद्दल. त्या दिवशी सकाळी अत्तर, सेंट काही लावू नका. तुमचं तुम्हाला जाणवत नाही, शेजारच्याला फक्त तेच जाणवतं. टेस्टिंगआधी तासभर चहा, पान, सुपारी, बडीशेप बंद. इंदुरी माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण बॅगेतली सेव आणि जिरावण मसाला गाडीतच राहू द्या. तिखटाने जीभ भाजलेली असली की मद्यार्क आणि तुरटपणा दोन्ही जास्त टोचतात. पण उपाशीही जाऊ नका. पोळी, भात, वरण, असं सौम्य काही पोटात असावं.

क्रम फसफसती, पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल, शेवटी गोड. ग्लास दांड्याला धरा, वाटीला धरलात तर हाताने वाइन तापते. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा. मग एक घोट तोंडभर फिरवा. तीन गोष्टींकडे लक्ष द्या. तोंडाला पाणी सुटतं का, तो आंबटपणा. हिरड्या आवळल्यासारख्या होतात का, तो साली-बियांचा तुरटपणा. गिळल्यावर घशात ऊब येते का, तो मद्यार्क. हे तिन्ही एकमेकांना सांभाळून असतील तर वाइन चांगली. एक पुढे घुसून बाकीच्यांना दाबत असेल तर नाही. बाकी शब्दांचा बाऊ करायचं कारण नाही. ब्लॅककरंट आपण खाल्लेलं नसतं, मग ते ग्लासात शोधायचं कशाला? पेरू, कच्ची कैरी, ढोबळी मिरची, जांभूळ, मिरी, लवंग, ओली माती हे सगळं आपल्याला ओळखता येतं आणि नाशिकच्या वाइनमध्ये सापडतं. सोव्हिन्यों ब्लांमध्ये हिरवी मिरची आणि पेरू, शिराझ या लाल वाइनमध्ये मिरी.

इथे तुमच्या आईंचा प्रश्न. त्या कंटाळणार नाहीत, त्यांना कामाला लावा. माझ्या गटांत न पिणाऱ्या बायकांची नाकं पिणाऱ्यांपेक्षा तयार असतात. आयुष्यभर मसाले भाजून कोणता कधी करपतो ते वासाने ओळखलेलं असतं. ग्लास फिरवून त्यांच्या हातात द्या आणि ‘कसला वास येतो’ एवढंच विचारा. शाकाहाराबद्दल त्यांनी विचारलं तर तोही प्रश्न रास्त आहे. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. बऱ्याच ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती वापरतात. ‘फायनिंगला काय वापरता’ असं विचारा, वाइन करणाऱ्याला ते माहीत असतंच.

बाबांना आधीच सांगून ठेवा की वाइन सोडा घालून, बर्फ टाकून, शेंगदाण्याबरोबर घ्यायची नसते आणि ती व्हिस्कीसारखी चढायची वाटही बघायची नसते. आपल्या पिढ्यांनी वाइन म्हणून प्यायली ती बहुतेक गोव्याची गोड पोर्ट. त्या आठवणीवर कोरडी लाल दिली की तोंड वाकडं होतं. त्यांना शेनँपासून सुरुवात करून द्या, किंचित गोडसर असलेली. लालकडे दुसऱ्या वाइनरीत या.

थुंकण्याबद्दल. टेबलावर त्यासाठी भांडं असतं. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या गावातल्या माणसाला चारचौघांत थुंकायची लाज वाटते, ते मी समजू शकते. पण वाइन करणारे स्वतः दिवसभर थुंकतात, नाहीतर त्यांचं काम दुपारी संपलं असतं. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने तर थुंकूनही चाखू नये असं माझं मत आहे. कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि दोन टेस्टिंगनंतर ती ओलांडलेली असायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवसासाठी नाशिकची टॅक्सी दिवसभर ठरवा, घरची गाडी हॉटेलवर राहू द्या. वयाचंही सांगते: महाराष्ट्रात वाइनसाठी २१ पूर्ण लागतात, व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी २५.

लाल वाइनबद्दल एक तक्रार करून ठेवते. ‘लाल वाइन रूम टेंपरेचरला’ हे वाक्य थंड देशांतल्या दगडी घरांसाठी आहे. मार्चच्या दुपारी नाशिकच्या उघड्या गच्चीवर रूम टेंपरेचर म्हणजे पस्तीस अंश. त्या तापमानाला शिराझमधून फक्त मद्यार्क नाकात जातो. लालला १६ ते १८ अंश हवेत. सरळ सांगा, ‘पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून आणा.’ वेटरने भुवया उंचावल्या तरी सांगा.

आता डिकी. माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. दारूचा कायदा राज्याराज्याचा वेगळा. महाराष्ट्राचा कर भरलेली बाटली बिजासन घाट ओलांडला की मध्य प्रदेशाच्या अबकारी नियमांच्या नजरेत बाहेरच्या राज्याची होते. वाइनरीचं बिल हा खरेदीचा पुरावा आहे, वाहतुकीचा परवाना नव्हे. ‘आम्ही तर दरवर्षी पेटी आणतो’ असं सांगणारे भेटतील. तपासणीत ते तुमच्यासोबत उभे नसतील. आणायच्याच असतील तर निघण्याआधी इंदूरच्या जिल्हा अबकारी कार्यालयात किती आणि कशी ते विचारून घ्या. नाहीतर आवडलेल्या वाइनचं नाव आणि साल फोनमध्ये टिपून आणा. सुलासारख्या मोठ्या नावांच्या वाइन इंदूरच्या दुकानांत मिळतात. परतीत महेश्वरला थांबायचा विचार असेल तर हेही ध्यानात असू द्या की १ एप्रिल २०२५ पासून महेश्वर, ओंकारेश्वर, उज्जैन अशा धार्मिक गावांतली दारूची दुकानं बंद केली आहेत.

बडोद्याच्या मंडळींसाठी तर एकच वाक्य: काहीही नेऊ नका, अर्धी उरलेली बाटलीसुद्धा. सापुताऱ्याचा रस्ता वणीवरूनच जातो आणि पलीकडे गुजरातची दारूबंदी सुरू होते. तिथे बाळगणं हा गुन्हा आहे आणि परवान्याशिवाय पिणंही. त्यामुळे टेस्टिंगच्या संध्याकाळी त्यांना परत पाठवू नका. रात्री नाशिकला राहू द्या, सकाळी नाश्ता करून निघतील.

इंदूरला घेतलेली बाटली सांभाळायचंही सांगते. भारतीय पांढऱ्या वाइन बहुतेक ताज्या प्यायच्या असतात. लेबलवर सालाचा आकडा बघा आणि शक्यतो गेल्या एक-दोन वर्षांतली घ्या. झाकण फिरकीचं असेल तर हलकी समजू नका, पांढऱ्यासाठी ते उत्तमच. दुकानदाराने बाटली उन्हाच्या खिडकीत उभी ठेवलेली असेल तर दुसरं दुकान बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा कपाटात ठेवलेली वाइन महिनाभरात शिजते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आडवी, बरी राहते. बूच वर आलेलं, बाटलीच्या तोंडाशी चिकट ओघळ दिसतोय, तर ती तापून गेली आहे. ओल्या वर्तमानपत्राचा वास आला तर बूच खराब.

आणि ती बाटली घरी कशाबरोबर उघडायची? चीज आणि ऑलिव्ह आणायला धावू नका. भुट्ट्याचा कीस आणि शेनँ ब्लां ही जोडी मी हॉटेलांच्या यादीतसुद्धा लावली आहे. मक्याची गोडी, दुधाची साय आणि वाइनमधला आंबट-गोडपणा छान जमतो. तळलेला गराडू, आपला मालव्याचा कंद, लिंबू पिळून खातो आपण, त्याच्याबरोबर फसफसती. तळलेल्या पदार्थाचं तेल ती जिभेवरून साफ करते. साबुदाण्याच्या खिचडीला सोव्हिन्यों. दालबाफल्याला मात्र काही देऊ नका, त्यावर झोपच चांगली. तिखट रश्शाबरोबर जड लाल हे समीकरण डोक्यातून काढा: मिरची आणि तुरटपणा एकमेकांना भडकवतात. तिथे थंड, किंचित गोड पांढरीच चालते.

राहिला मालव्याचा प्रश्न. रतलामकडे द्राक्षं होतात, पण नाशिकसारखं एका दिवसात दोन-तीन ठिकाणी चाखत फिरावं असं इंदूरजवळ काही नाही. वेगळं काही बघायचं असेल तर अलीराजपूरकडे तोंड करा. तिथल्या मोहाच्या दारूला मध्य प्रदेश सरकारने २०२२ मध्ये ‘हेरिटेज मदिरा’ म्हणून मान्यता दिली, आणि कट्ठीवाडा भागातला आदिवासी महिलांचा बचतगट ‘मोंड’ या नावाने ती तयार करतो. पण ती वाइन नाही. फुलं आंबवून नंतर गाळलेली, म्हणजे वाफेवर काढलेली दारू आहे. वाइनच्या ग्लासात वाइनसारखी ओतून घेऊ नका. बाबांना नाशिकपेक्षा ही सहल जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे. ती वेगळी, एका दिवसाची करा, गाडी चालवणारा न पिणारा घ्या, आणि हिवाळ्यात गेलात तर झाडावरून नुकतीच उतरवलेली सकाळची ताडीही मिळेल. दुपारपर्यंत ती आंबते.